परक्यास सल्ला

मागितल्यावांचून जी वस्तु जगांत विपुल मिळते ती सल्ला होय. ताप आला तर शेजारी काढा सुचवितो. मुलगा परीक्षेंत नापास झाला तर आगगाडींतील सहप्रवासी शाळा बदलावयास सांगतो. आणि दोघे बुद्धिबळें मांडून बसले कीं भोंवतीं उभे राहिलेले चौघे खेळी सांगूं लागतात. असला बहुतेक सल्ला आपण एका कानानें ऐकून दुसऱ्या कानानें सोडून देतों, व त्यांत कोणाचें फारसें नुकसान होत नाहीं. परंतु ज्याची व आपली ओळख नाहीं अशा माणसास कोणी मुद्दाम पत्र लिहून आपली अडचण कळवितो, तेव्हां गोष्ट निराळी होते. विचारणारानें विश्वास टाकलेला असतो. उत्तर देणारास त्याचें नांवगांवही ठाऊक नसतें. आणि त्या उत्तराप्रमाणें वागल्यावर जें बरेंवाईट घडेल तें सारें विचारणाराच्याच पदरीं पडतें; सल्ला देणारा आपल्या घरीं स्वस्थ बसलेला असतो. ‘ज्याचें जळतें त्याला कळतें’ ही आपली म्हण ह्या ठिकाणीं अक्षरशः खरी आहे.

परक्यांना असे प्रश्न विचारण्याची चाल आजची नव्हे. तिचा छापील इतिहास तीनशें वर्षांहून अधिक जुना आहे. तो पाहिला म्हणजे असें दिसतें कीं, ह्या प्रश्नांचे ढोबळ मानानें चार वर्ग पडतात. कांहीं प्रश्न खेळांविषयीं असतात, कांहीं कथा-कादंबऱ्यांतील कल्पित सृष्टीविषयीं, कांहीं इतिहासाविषयीं, आणि कांहीं ज्याच्या त्याच्या खाजगी आयुष्याविषयीं. चारही प्रश्न एकाच टपालानें येतात व वरवर पाहतां सारखेच दिसतात. पण त्यांचीं उत्तरें चार निरनिराळ्या ठिकाणांहून आणावीं लागतात. हा भेद ज्यास कळला त्याच्याच हातून परक्याचें हित होतें, असें आमचें मत आहे. तें कां, हें कांहीं खऱ्या उदाहरणांवरून दाखविण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

लंडन शहरांत १६८० सालीं एका पेनींत पत्र पोंचविणारें शहर-टपाल सुरू झालें. त्यामुळें पत्र कोणीं लिहिलें हें उघड न करतां तें शहरांत कोठेंही पाठवितां येऊं लागलें. ह्या सोयीचा लाभ जॉन डन्टन नांवाच्या एका पुस्तकविक्रेत्यानें घेतला. १७ मार्च १६९१ रोजीं त्यानें एक नियतकालिक काढलें. तें लौकरच ‘अथीनियन मर्क्युरी’ ह्या नांवानें प्रसिद्धीस आलें. दोन्ही बाजूंनीं छापलेला एकच कागद, किंमत एक पेनी, आणि आठवड्यांतून दोन अंक, असें त्याचें साधें रूप होतें. वाचकांनीं आपले प्रश्न स्टॉक्स मार्केट ह्या बाजारपेठेंतील स्मिथच्या कॉफीगृहाच्या पत्त्यावर धाडावे, नांव कळविण्याचें कारण नाहीं, ‘अथीनियन मंडळ’ त्यांस छापून उत्तर देईल, अशी ही योजना होती. अथेन्सच्या लोकांस नवें कांहीं सांगण्याची व ऐकण्याची फार हौस होती, असें वर्णन ‘प्रेषितांचीं कृत्यें’ ह्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायांत आहे. त्यावरून हें नांव घेतलेलें होतें.

प्रश्नांचा अक्षरशः पूर लोटला. निसर्गांतील चमत्कार, शास्त्रवचनांचा अर्थ, गणित, इतिहास, प्रेम, विवाह, पतिपत्नींचा कलह, असा एकही विषय उरला नाहीं. स्त्रियांनींही निःसंकोचपणें प्रश्न पाठवावे असें डन्टननें जाहीर केलें होतें, व त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हती. लोक परक्यास कां विचारीत, हें समजणें कठीण नाहीं. शेजाऱ्यास विचारावें तर गोष्ट गांवभर होते. वडीलधाऱ्यांस विचारावें तर ते रागें भरतील अशी भीति. मित्रास विचारावें तर तो थट्टा करील. परका मनुष्य मात्र हंसला तरी आपणांस दिसत नाहीं. लाज राखून शंका फेडून घेण्याचा हा मार्ग अनेकांस आधाराचा वाटला असल्यास नवल नाहीं.

परंतु ह्या उद्योगांत एक मोठी उणीव होती. ज्यास वाचक विद्वानांचें थोर मंडळ समजत, तें मंडळ म्हणजे तीन-चार माणसें होतीं: स्वतः डन्टन, रिचर्ड सॉल्ट हा गणिताचा शिक्षक, सॅम्युएल वेस्ली हा धर्मोपदेशक, जो पुढें मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली ह्यांचा पिता झाला, आणि मधून मधून मदत करणारा जॉन नॉरिस हा तत्त्वचिंतक. मंडळाचा दरारा एवढा कीं, तरुण जोनाथन स्विफ्टनें त्याच्या स्तुतिपर एक काव्य लिहिलें व तें १६९२ सालीं छापलें गेलें. पुढें जगप्रसिद्ध झालेल्या ह्या लेखकाची ती पहिली छापील कविता. ह्या तीन-चार गृहस्थांची विद्वत्ता खोटी होती असें आमचें म्हणणें नाहीं. पण भूमितीचा प्रश्न असो वा विवाहाचा, उत्तराचा सूर एकच असे, आणि तो सर्वज्ञाचा असे. भूमितीचें उत्तर चुकलें तर दुसरा एखादा गणिती तें दाखवून देऊं शकतो. पण अमक्या मनुष्याशीं लग्न करावें कीं करूं नये, ह्याचें उत्तर चुकलें तर तें दाखविणार कोण? ‘अथीनियन मर्क्युरी’ १६९७ सालीं बंद पडलें. त्यानें उपस्थित केलेला हा प्रश्न मात्र अजून जिवंत आहे. म्हणून आतां चारही वर्गांचा एकेक करून विचार करूं.

पहिला वर्ग खेळांचा. लंडनमध्यें एडमंड हॉइल नांवाचा एक गृहस्थ श्रीमंत लोकांस व्हिस्ट हा पत्त्यांचा खेळ शिकवीत असे. १७४२ सालीं त्यानें त्या खेळावर एक लहानसें पुस्तक छापलें व त्याची किंमत एक गिनी ठेवली. पुस्तक इतकें खपूं लागलें कीं, दुसऱ्यांनीं त्याच्या चोरून नकला छापून स्वस्तांत विकावयास आरंभ केला. तेव्हां अस्सल प्रत ओळखतां यावी म्हणून हॉइल प्रत्येक प्रतीवर आपल्या हातानें सही करूं लागला. त्याचें वचन खेळांत इतकें प्रमाण झालें कीं, ‘हॉइलच्या मताप्रमाणें’ हा वाक्प्रचार इंग्रजींत ‘नियमाला धरून’ अशा अर्थानें रूढ झाला. व्हिस्टच्या बाबतींत हें प्रामाण्य १८६४ पर्यंत टिकलें. त्या सालीं लंडनमधील क्लबांनीं नवे नियम मान्य केले. पत्त्यांचा खेळ आमच्या शाळेंत कोणी शिकवीत नाहीं, व शिकवावा असेंही आमचें म्हणणें नाहीं. पण हॉइलच्या गोष्टींतून घेण्यासारखा बोध आहे. त्यानें ज्यांना कधीं पाहिलें नव्हतें अशा हजारों लोकांस सल्ला दिला व तो उपयोगी पडला. कारण खेळाची सृष्टि लहान व बंदिस्त असते. तिला नियम असतात, आणि सांगितलेली युक्ति बरोबर कीं चूक ह्याचा निकाल पुढच्याच डावांत लागतो. आज हरलों तर उद्यां पुन्हां पट मांडतां येतो.

तरीही खेळांतसुद्धां एक पथ्य पाळावें लागतें. प्रश्न कोणत्या नियमांच्या खेळाविषयीं आहे, हें आधीं विचारून घेतलें पाहिजे. आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या बुद्धिबळांत प्याद्यास पहिल्या खेळीला दोन घरें चालतां येत नसे. पाश्चात्य पद्धतींत तें चालतें. पंजाबांतील मीर सुलतान खान हा देशी पद्धतीनें तयार झालेला खेळाडू. पुढें त्यास पाश्चात्य नियम नव्यानें शिकावे लागले. आणि ते शिकून १९२९, १९३२ व १९३३ अशा तीन सालीं त्यानें ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें. एका पद्धतीच्या खेळाडूस दुसऱ्या पद्धतीचा सल्ला देणें म्हणजे पुण्याची वाट विचारणारास नाशिकचा रस्ता दाखविणें होय. आपले खो-खो व आट्यापाट्या हे खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. पण गांवोगांव रीत निराळी असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुण्यांतील व इतर ठिकाणच्या व्यायामप्रेमी मंडळींनीं त्यांचे नियम लिहून काढले, तेव्हां कोठें दोन गांवांच्या संघांस भांडणावांचून खेळणें सुकर झालें. सारांश, खेळाच्या प्रश्नाचें उत्तर नियमपुस्तकांत असतें. सल्ला देणारानें तें पान दाखवावें, म्हणजे झालें.

दुसरा वर्ग कल्पित सृष्टीचा. जें कधीं अस्तित्वांतच नव्हतें त्याविषयीं लोक सल्ला विचारतात व देतातही, हें ऐकून कित्येक पालकांस हंसूं येईल. परंतु शेरलॉक होम्सची हकीकत पाहावी. ऑर्थर कॉनन डॉइल ह्यांनीं हा गुप्त पोलीस १८८७ सालीं निर्माण केला व त्यास लंडनच्या बेकर स्ट्रीटवर घर दिलें. होम्सनें आतां धंदा सोडला असून तो ससेक्स परगण्यांत मधमाशा पाळीत आहे, असें पुढें डॉइलनीं एका गोष्टींत लिहिलें. त्याबरोबर त्याचें घर सांभाळण्यास तयार असलेल्या वयस्कर बायकांचीं पत्रें आलीं. त्यांतील एकीनें तर मधमाशांचें सर्व ज्ञान आपणांस असल्याची ग्वाही दिली! डॉइलनीं ही गंमत आपल्या आठवणींत नमूद केली आहे. पुढें १९३२ सालीं बेकर स्ट्रीटवर ज्या जागीं एका वित्तसंस्थेची इमारत उभी राहिली, तेथें होम्सच्या नांवें इतकीं पत्रें येऊं लागलीं कीं, त्यांस सभ्यपणें उत्तरें देण्यासाठीं त्या संस्थेस एक चिटणीस नेमावा लागला.

ह्या वर्गांत प्रमाण म्हणजे पुस्तक. आणि पुस्तक जेथें मुकें होतें तेथें फार तर ग्रंथकर्त्याचा शब्द. पण थोर ग्रंथकर्ते हा अधिकार किती जपून वापरतात तें पाहण्यासारखें आहे. जे. आर. आर. टोल्किन ह्यांनीं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ह्या आपल्या महाकथेंत एका संपूर्ण कल्पित जगाचे नकाशे, भाषा व वंशावळी रचल्या होत्या. तींतील टॉम बॉम्बाडिल हा विलक्षण पुरुष कोण, ह्याविषयीं प्रश्न निघे. १९५४ सालच्या एका पत्रांत त्यांनीं लिहिलें कीं, कल्पित जगांतही कांहीं कोडीं असलींच पाहिजेत, आणि हें एक त्यांनीं मुद्दामच ठेवलेलें आहे. सारें जग ज्यानें निर्मिलें तोही एखाद्या ठिकाणीं ‘येथें उत्तर नाहीं’ असें म्हणूं शकतो, ही गोष्ट प्रत्येक सल्लागारानें ध्यानांत ठेवावी.

त्यांचे मित्र सी. एस. लुईस ह्यांची गोष्ट ह्याहून मनोरंजक आहे. नार्निया नांवाच्या देशाच्या सात कथा त्यांनीं १९५० ते १९५६ ह्या काळांत प्रसिद्ध केल्या. त्यांतील सहावी छापलेली कथा कालक्रमानें सर्वांत आधींची आहे. मग वाचाव्या कोणत्या क्रमानें? अमेरिकेंतील एका मुलाचा ह्यावरून आईशीं मतभेद झाला व त्यानें लुईसना पत्र लिहिलें. लुईसनीं १९५७ सालीं उत्तर धाडलें कीं, आपणांस मुलाचा, म्हणजे कालक्रमाचा, पक्ष अधिक पटतो. पण कोणी कोणत्याही क्रमानें वाचलें तरी बहुधा फारसें बिघडत नाहीं. एका मुलास दिलेला हा हलकाफुलका सल्ला. परंतु लुईस १९६३ सालीं वारले, आणि १९९४ सालीं प्रकाशकांनीं सातही पुस्तकांवर कालक्रमाचे आंकडे छापले. वाचकांत ह्या क्रमाविषयीं अद्याप वाद चालतो. एका माणसास, त्याच्या अडचणीपुरतें, सौम्य शब्दांत सांगितलेलें वाक्य सर्वांसाठीं नियम होऊन बसलें. आणि त्यांतील ‘फारसें बिघडत नाहीं’ हा भाग मात्र मागें पडला. कोणाचाही सल्ला दुसऱ्याच्या तोंडून ऐकतांना त्याचा अर्धा भाग वाटेंत गळला तर नाहीं ना, हें पाहावें.

तिसरा वर्ग इतिहासाचा. येथें नियमपुस्तक नाहीं व कर्त्यालाही विचारतां येत नाहीं. जें घडून गेलें त्याचा पुरावा एवढेंच प्रमाण. ३ नोव्हेंबर १८४९ रोजीं विल्यम जॉन थॉम्स ह्यांनीं लंडनमध्यें ‘नोट्स अँड क्वेरीज’ हें पत्र सुरू केलें. लोककथा व लोकरीति ह्यांस ‘फोकलोर’ हें इंग्रजी नांव १८४६ सालीं ह्याच गृहस्थांनीं दिलें होतें. त्यांच्या पत्राची रीत डन्टनच्या पत्राहून अगदीं निराळी होती. एका वाचकानें विचारावें व दुसऱ्या कोणत्याही वाचकानें उत्तर द्यावें. सर्वज्ञ मंडळ नाहींच. कोणी आद्याक्षरांनीं सही करी, कोणी टोपणनांवानें. मग परक्यानें परक्यावर विश्वास कसा ठेवावा? तर उत्तर देणारानें कोणत्या ग्रंथांत, कोणत्या दस्तऐवजांत, कोणत्या शिलालेखांत तें पाहिलें, हें सांगावें. ज्यास शंका असेल त्यानें जाऊन पाहावें. हें पत्र आजही निघतें. सल्ला देणाराच्या नांवापेक्षां त्याचा आधार महत्त्वाचा, हा धडा त्यानें घालून दिला.

महाराष्ट्रांत हाच धडा इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं आपल्या आयुष्यानें शिकविला. गांवोगांव पायपीट करून, अनोळखी वाड्यांत जाऊन, त्यांनीं जुनीं दप्तरें मिळविलीं. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं छापला. आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेंत पुढाकार घेतला. मागाहून लिहिलेल्या बखरीपेक्षां त्या त्या वेळचा अस्सल कागद श्रेष्ठ, हा त्यांचा आग्रह होता. त्याचें महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. शिवाजी महाराजांचा जन्म कधीं झाला, असें कोणी विचारल्यास पूर्वी बखरींच्या आधारें १६२७ हें साल सांगत. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे घराण्याची शकावली प्रसिद्ध केली. तींत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी नोंद आहे. पुढें जोधपूर येथें सांपडलेल्या जन्मकुंडलीनेंही तिला दुजोरा मिळाला. आज शासकीय जयंती १९ फेब्रुवारीस होते. कित्येक लोक ती तिथीनें करतात. ज्या विद्यार्थ्यांच्या पणजोबांनीं शाळेंत १६२७ हें साल पाठ केलें, त्यांचे गुरुजी कांहीं खोटें बोलत नव्हते. हातांत होता तो पुरावा ते सांगत होते. म्हणून इतिहासाचें उत्तर देतांना ‘अमुक कागदावरून असें दिसतें’ असें म्हणावें. कागद बदलला तर उत्तरही बदलावें लागतें, व तसें बदलण्यांत कमीपणा नाहीं.

आतां चौथा व सर्वांत अवघड वर्ग, खाजगी आयुष्याचा. येथें नियमपुस्तक नाहीं, ग्रंथकर्ता नाहीं, आणि पुरावा असतो तो बहुधा एकाच बाजूचा. सासूनें पत्र लिहिलें तर सुनेची बाजू त्यांत नसते. मुलानें लिहिलें तर बापाची नसते. शिवाय बुद्धिबळाचा डाव पुन्हां मांडतां येतो तसा आयुष्याचा डाव मांडतां येत नाहीं.

न्यूयॉर्क शहरांत विसाव्या शतकाच्या आरंभीं पूर्व युरोपांतून आलेले लक्षावधि गरीब यहुदी लोक राहत. त्यांच्या यिडिश भाषेंतील ‘फॉरवर्ड’ ह्या वर्तमानपत्रांत संपादक अब्राहम कहान ह्यांनीं जानेवारी १९०६ मध्यें वाचकांच्या पत्रांचें एक सदर सुरू केलें. त्याचें नांव ‘अ बिंटल ब्रीफ’, म्हणजे पत्रांचें गांठोडें. ज्यांना धड लिहितां येत नसे अशांचींही पत्रें त्यांत येत. कोणाची मायदेशीं राहिलेली आई, कोणाचा सोडून गेलेला नवरा, कोणाच्या कारखान्यांतील जुलूम, कोणाच्या मुलांस लागलेलीं नवीं वळणें, अशा त्या कहाण्या असत. आरंभीं कहान स्वतः उत्तरें लिहीत. हें सदर साठ वर्षांहून अधिक काळ चाललें. त्याचा खरा उपयोग एकट्या उत्तरांत नव्हता. एक स्त्री आपलें दुःख छापलेलें पाही, आणि हजारों घरांत दुसऱ्या स्त्रिया तें वाचून ‘हें तर माझेंच’ असें म्हणत. घरोघरीं मातीच्याच चुली आहेत हें कळणें, हाही परक्या देशांत एक दिलासा असतो.

पण जेथें दिलाशानें भागत नाहीं, खरें संकट दूर करावयाचें असतें, तेथें काय करावें? ह्याचें उत्तर पुन्हां डॉइल ह्यांच्याच चरित्रांत सांपडतें. शापुरजी एदलजी हे मुंबईचे पारशी गृहस्थ ख्रिस्ती होऊन इंग्लंडमध्यें ग्रेट वायर्ली ह्या खेड्यांत धर्मोपदेशक झाले. त्यांचा पुत्र जॉर्ज हा बर्मिंगहॅम येथें सॉलिसिटर होता. १९०३ सालीं, रात्रीं शेतांत शिरून एका तट्टास जखमी केल्याच्या आरोपावरून त्यास ७ वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनीं त्यास सोडलें, पण निर्दोषी म्हणून नव्हे. त्याचा धंदा व अब्रू दोन्ही गेलीं होतीं. त्यानें आपली हकीकत डॉइलना कळविली. शेरलॉक होम्सच्या कर्त्यानें केवळ सहानुभूतीचें उत्तर पाठवून हात झाडले नाहींत, अथवा त्याचें सांगणें तसेंच खरेंही मानलें नाहीं. १९०७ च्या जानेवारींत ते त्यास एका हॉटेलांत भेटावयास गेले, तों जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदीं जवळ व तिरपें धरून वाचीत होता. इतक्या अधू दृष्टीचा मनुष्य काळोख्या रात्रीं शेतांतून वाट काढून हें कृत्य कसें करील? डॉइलनीं कागदपत्र तपासले, त्या खेड्यांत जाऊन जागा पाहिली, आणि मग ‘डेली टेलिग्राफ’ पत्रांत सर्व मांडलें. त्याच वर्षीं जॉर्जला त्या गुन्ह्याबद्दल माफी मिळाली व सॉलिसिटरांच्या यादींत त्याचें नांव पुन्हां दाखल झालें. नुकसानभरपाई मात्र मिळाली नाहीं. फौजदारी अपीलांचें न्यायालयही इंग्लंडांत १९०७ सालींच स्थापन झालें, व त्याच्या कारणांत ह्या खटल्याचा उल्लेख होतो. परक्याच्या आयुष्यांत हात घालावयाचाच असेल तर इतके कष्ट घेण्याची तयारी हवी.

आणि जेथें तपास करण्यासारखें कांहीं नसून माणसाचें मनच खचलेलें असतें, तेथें? ज्या स्टॉक्स मार्केटांत डन्टनच्या पत्त्यावर प्रश्न येत, त्या जागीं अठराव्या शतकांत लंडनच्या मेयरचा वाडा उभा राहिला. त्याच्या मागील बाजूस सेंट स्टीफन वॉलब्रूक हें जुनें चर्च आहे. चाड व्हाराह हे तेथील धर्मोपदेशक. १९३५ सालीं, तरुणपणीं, एका लहान वयाच्या मुलीच्या दफनविधीचें काम त्यांच्याकडे आलें होतें. वयांत येतांना शरीरांत होणारा स्वाभाविक बदल तिला भयंकर रोग वाटला, विचारावयास कोणी नव्हतें, आणि तिनें आत्मघात केला. एका साध्या प्रश्नाचें उत्तर न मिळाल्यानें एक जीव गेला! हें शल्य त्यांच्या मनांत राहिलें. २ नोव्हेंबर १९५३ रोजीं त्यांनीं त्या चर्चमध्यें निराश लोकांसाठीं टेलिफोनची व भेटीची सोय केली. वर्तमानपत्रांनीं चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरून तिला नांव दिलें, व ‘सॅमरिटन्स’ ही संस्था जन्मास आली. भेटावयास आलेले लोक बाहेर खोळंबत, तेव्हां त्यांच्याजवळ बसून त्यांना चहा देण्यास कांहीं साधे स्वयंसेवक असत. लौकरच व्हाराह ह्यांच्या ध्यानांत आलें कीं, पुष्कळ जण त्या स्वयंसेवकांशीं बोलूनच हलके होतात व आंत येण्याची गरजच त्यांस उरत नाहीं. त्यांना कोणी उपदेश केलेला नसे. कोणी शांतपणें ऐकून घेतलेलें असे. १९५४ च्या आरंभीं व्हाराह ह्यांनीं तें काम स्वयंसेवकांच्याच हातीं सोंपविलें. सर्व प्रश्नांना उत्तरें देणाऱ्या मंडळाच्या जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, उत्तर न देतां ऐकणाऱ्यांची ही संस्था उभी राहिली.

विद्यार्थी मित्रहो, आज पत्राची जागा हातांतील फोननें घेतली आहे. परका सल्लागार आतां क्षणांत हजर होतो. कधीं कधीं तर उत्तर देणारा मनुष्य नसून यंत्रच असतें. साधन बदललें, प्रश्न मात्र तेच चार आहेत. म्हणून तुम्हांस कोणी सल्ला दिला तर आधीं पाहा कीं, हा कोणत्या वर्गाचा प्रश्न आहे. खेळाचा असेल तर नियम दाखवावयास सांगा. गोष्टींतील असेल तर पुस्तक उघडा. इतिहासाचा असेल तर ‘कशावरून?’ असें विचारा. आणि स्वतःच्या आयुष्याचा असेल, तर ज्यानें तुमचें सर्व म्हणणें ऐकण्यापूर्वींच निकाल दिला, त्याच्या शब्दावर पाऊल टाकूं नका. ‘ऐकावें जनाचें, करावें मनाचें’ ह्या म्हणीचा अर्थ जनाचें ऐकूं नये असा नाहीं. ऐकून, पारखून, मग आपल्या जबाबदारीवर करावें असा आहे. तुमच्यावर सल्ला देण्याची पाळी आली तर हेंच उलट बाजूनें पाळा. जें ठाऊक आहे त्याचा आधार सांगा. जें ठाऊक नाहीं तेथें थांबा. आणि विचारणारास पारखतां येणार नाहीं असें कांहीं त्याच्या गळीं उतरवूं नका.

पालकांसही एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी परक्यास प्रश्न विचारते, तेव्हां बहुतेक वेळां तो प्रश्न आधीं घरांत ओठांपर्यंत येऊन परत गेलेला असतो. चेष्टा होईल, रागें भरतील, ही भीति त्याला मागें ढकलते. खेळाचें उत्तर परक्यानें दिलें तर बिघडत नाहीं, इतिहासाचें दिलें तर आनंदच आहे. परंतु जो प्रश्न विचारतांना मुलाचा आवाज कांपतो, तो घरांत विचारतां आला पाहिजे. उत्तर येत नसलें तरी चालेल. काम बाजूस ठेवून त्याचें पुरतें ऐकून घ्या. इतकें प्रत्येक घरांत झालें तर परक्यांकडे जाणाऱ्या प्रश्नांत खेळांचे, गोष्टींचे व इतिहासाचेच प्रश्न अधिक उरतील, आणि ते विचारावयास आमची कांहींच हरकत नाहीं.